टिंब टिंब तिरकी रेघ

विक्रोळीच्या आमच्या ऑफिसात दहानंतर
एसी बंद होतो आणि बिल्ड सुरू.
मी डबा उघडते, भेंडी गार,
आणि पडद्यावर फायली मोजते:
चार हजार एकशे बारा.
त्यातल्या एकोणीस फायली फायली नाहीतच.
नुसती बोटं.
"मी नाही, तो तिकडे," एवढंच सांगणारी.

ही बोटं खोक्यात भरणं माझं काम.
बोटाचा माग काढत गेलात
तर ते ज्याच्याकडे दाखवतं तो अख्खा उचलून आणता,
मग त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा,
चाळीस एमबीचं खोकं चारशेचं होतं.
एकदा एक बोट स्वतःच्याच घराकडे वळलेलं होतं;
रात्रभर खोकं खोक्यात शिरत राहिलं,
सकाळी डिस्क तुडुंब, आणि सुब्बूसाहेबांचा फोन.
बरं, बोट बोटासारखंच ठेवलं,
तर परक्या मशीनवर
ते कशाकडे दाखवेल, हमी कोण घेणार?

परवा परळच्या इस्पितळातून शिर्सेकरबाई बोलल्या,
एक्स-रे विभागाच्या.
"यशस्वी म्हणालं हो. हिरवी खूण पण आली.
पण उघडतच नाही."
बाहेर बाकावर अकरा माणसं होती म्हणे.

मी खोकं फोडलं.
अठरा बोटं ठीक.
एकोणिसावं दाखवत होतं
थेट मुळापासून: होम, धुरी, जुने, लिब.

धुरी मार्चमध्ये रिटायर झाले.
एक तारखेला आयटीवाल्यांनी त्यांचं फोल्डर पुसलं,
नियमाप्रमाणे.
सहा वर्षं आमचं बिल्ड रोज रात्री
धुरींच्या घरी जाऊन खरी फाइल उचलून आणत होतं
आणि आम्हाला पत्ताच नव्हता.
घर गेलं, तेव्हा त्याने मुकाट्याने नुसतं बोट भरलं.

फोन केला. ते हसले नाहीत.
"माझी चूक. तात्पुरतं म्हणून दिलं होतं.
मुळापासून पत्ता देऊ नये गं. घरं जातात.
जिथे उभी आहेस तिथून सांगावं:
टिंब टिंब तिरकी रेघ, एक पायरी वर,
मग शेजारच्या खोलीत.
खोकं कुठेही नेऊन ठेव, शेजार सोबत येतो."
मग म्हणाले, "जुनी सीडी आहे माझ्याकडे. रविवारी ये.
चेंबूर. चित्रगुप्त टॉकीजसमोर, कुणालाही विचार."

रविवारी गेले. चित्रगुप्त टॉकीज नाही.
काचेचा टॉवर, खाली चष्म्यांचं दुकान,
फोनमधला नकाशा जागच्या जागी गरगरला.
एका भाजीवाल्या पोरीला विचारलं, असेल विशीची,
टॉकीज पाडली तेव्हा जन्मलीही नसेल.
मेथीची जुडी हातात तशीच धरून
तिने बोट केलं:
"चित्रगुप्तसमोर ना? तो पिवळा जिना."

जिन्याखाली मी जरा थांबले.
मशीन असतं तर म्हणालं असतं,
असं काही सापडत नाही.

धुरींनी सीडी बनियनने पुसून ठेवली होती.
"चहा घेशील? कप तिथे," म्हणत
मोरीवरच्या फळीकडे बोट दाखवलं.
फळी होती. कप नव्हते.
आतून वहिनींचा आवाज आला,
"दोन वर्षं झाली हलवून!"
ते बोट तसंच धरून थोडा वेळ बघत राहिले,
मग खाजवल्यासारखं करून कानाकडे नेलं.

सोमवारी लिब खोक्यातच ठेवलं,
बोट वळवलं शेजारच्या खोलीकडे,
आणि परळला पाठवून दिलं.
दुपारी फोन लावला तर शिर्सेकरबाई
माझ्याशी बोलल्याच नाहीत.
फोन टेबलावर पडला असावा.
लांबून नुसतं ऐकू येत होतं,
"श्वास घ्या. आता धरा.
धरून ठेवा."